गिल्बर्ट जॉन फाउलर

गिल्बर्ट जॉन फाउलर (१८६८–१९५३) हे इंग्रज जीवरसायनशास्त्रज्ञ होते. सांडपाण्याचे जिवाणूंच्या साहाय्याने शुद्धीकरण हा त्यांच्या संशोधनाचा मुख्य विषय होता. विषारी फिनॉलचे जिवाणूंकडून होणारे विघटन अभ्यासणाऱ्या आरंभीच्या संशोधकांत त्यांची गणना होते.

फिनॉलवरील संशोधन

फाउलर मँचेस्टर शहराच्या डेव्हीहल्म येथील सांडपाणी शुद्धीकरण केंद्राशी संबंधित होते. त्या काळी दिव्यांसाठी दगडी कोळशापासून वायू तयार करीत. या कारखान्यांच्या सांडपाण्यात फिनॉल, म्हणजेच कार्बोलिक आम्ल असे. जोसेफ लिस्टर यांनी १८६५ पासून जखमांतील जंतू मारण्यासाठी हाच पदार्थ वापरला होता. त्यामुळे जंतुनाशक द्रव्य जंतूच पचवतील, ही कल्पना विसंगत वाटणे स्वाभाविक होते. फाउलर, एडवर्ड आर्डर्न व विल्यम लॉकेट यांनी काही जिवाणू वेगळे करून वाढवले आणि ते विरल फिनॉलचे ऑक्सिडीकरण करतात, असे दाखवून दिले.

या क्रियेचे टप्पे पुढील काळात स्पष्ट झाले. जिवाणूंची विकरे फिनॉलच्या सहा कार्बन अणूंच्या वलयाला ऑक्सिजन जोडतात. त्यातून कॅटेकॉल तयार होते. नंतर हे वलय फुटते व उरलेल्या साखळीतून जिवाणूंना ऊर्जा मिळते.

सक्रिय गाळ पद्धती

१९१२ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स येथील प्रयोग पाहून फाउलर यांनी आर्डर्न व लॉकेट यांना सांडपाण्यात हवा सोडून प्रयोग करण्यास सुचवले. खाली बसलेला जिवाणूयुक्त गाळ टाकून न देता पुन्हा वापरल्यास आठवड्यांचे काम काही तासांत होते, असे आढळले. हा शोध १९१४ मध्ये जाहीर झाला. शोधनिबंधावर केवळ आर्डर्न व लॉकेट यांची नावे आहेत. प्रेरणा देणाऱ्या फाउलर यांचे नाव नाही.

भारतातील कार्य

१९१६ मध्ये फाउलर जमशेटजी टाटा यांच्या संकल्पनेतून उभ्या राहिलेल्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून रुजू झाले. पहिल्या महायुद्धकाळात त्यांनी जिवाणूंच्या किण्वनाने ॲसिटोन तयार करण्यावर काम केले. दारूगोळ्यासाठी लागणाऱ्या या द्रव्याचा कारखाना नाशिक येथे उभारण्यात आला. पुढे ते संस्थेच्या जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. मैल्यातील नायट्रोजन वाया न घालवता खतरूपाने शेतीस परत मिळावा, असा त्यांचा आग्रह होता. या विषयावरील त्यांचा ग्रंथ १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला.

महत्त्व

सक्रिय गाळ पद्धती आज जगभर वापरली जाते. कोक भट्ट्यांच्या फिनॉलयुक्त सांडपाण्याच्या शुद्धीकरणातही अशा जिवाणूंचा उपयोग होतो. मात्र फिनॉलचे प्रमाण एकदम वाढल्यास हेच जिवाणू मरतात. त्यामुळे त्यांना या द्रव्याची हळूहळू सवय करावी लागते.