मलबारात शिधा पोहोचवणारे देवधर

गणेशोत्सव आला की लोकमान्यांचे स्मरण होतेच. त्याच पुण्यात गोखल्यांच्या हाताखाली घडलेले एक नाव मात्र मागे पडले आहे. ते नाव गोपाळ कृष्ण देवधर.

जन्म 1871 चा. मुंबईत ते शिक्षक होते. 1905 साली नामदार गोखल्यांनी भारत सेवक समाज काढला, तेव्हा आजन्म सेवेची शपथ घेणाऱ्या पहिल्या मोजक्या मंडळींत देवधर होते. 1909 मध्ये रमाबाई रानडे यांच्यासोबत त्यांनी पुण्याचे सेवासदन उभे केले.

त्यांची खरी कसोटी लागली ती पुण्यापासून फार दूर. ऑगस्ट 1921 मध्ये मलबारात मापिलांचे बंड पेटले. एरनाड, वळ्ळुवनाड, पोन्नानी या तालुक्यांतून माणसे नेसत्या वस्त्रानिशी कालिकतकडे धावली. देवधर तिथे गेले आणि मदत समितीच्या कामाला लागले. छावणीत येणाऱ्याला निवारा, पोटाला भात, अंगावर कपडा हे पहिले काम. लष्करी कायद्याच्या त्या दिवसांत धान्य मिळवणे, ते छावणीपर्यंत नेणे आणि देशभरातून वर्गणी आणणे हे सारे करावे लागले.

छावणीतले बहुतेक लोक हिंदू होते. पण बंड मोडल्यावर मापिलांच्या घरांतले कर्ते पुरुषही मेले होते किंवा तुरुंगात होते. बायकामुले उपाशी होती. ज्याचे घर जळाले त्याच्यादेखत दुसऱ्या बाजूच्या मुलाच्या पदरात तांदूळ घालणे सोपे नसते. तरीही मदतीचा हात त्या घरांपर्यंत गेला. पुढे मलबारच्या पुनर्रचनेचे काम देवधरांच्या नावाने चालू राहिले. तानूर येथे त्यांच्या नावाची शाळा आजही आहे.

1927 पासून समाजाचे अध्यक्षपद सांभाळून 1935 साली ते गेले.

आम्ही मोहगावची मराठी घरे पिढ्यानपिढ्या इथे रुजलो आहोत. कागदोपत्री मध्यप्रदेशचे, घरात मराठी. परमुलखात मराठी माणसाची ओळख कशाने राहते, याचे उत्तर देवधरांनी मलबारात दिले आहे. आपल्या महाप्रसादाची पंगत मांडताना आम्ही एवढेच ठरवू या : पान वाढताना आडनाव विचारायचे नाही.

गणपती बाप्पा मोरया!