शस्त्रवैद्य एदोआर्दो बास्सिनी

रडतांना किंवा कुंथतांना मुलाच्या जांघेंत फुगवटा येतो व निजल्यावर तो नाहींसा होतो, हें कापूरहोळच्या बाजूस कित्येक मातांनीं पाहिलें असेल. यासच अंतर्गळ म्हणतात. या व्याधीवर भरंवशाची शस्त्रक्रिया ज्यांनीं घालून दिली, त्या बास्सिनी यांचें चरित्र आम्ही थोडक्यांत देत आहों.

बास्सिनी यांचा जन्म १८४४ सालीं इटलींतील पाव्हिया येथें झाला. १८६६ सालीं वैद्यकाची पदवी मिळाल्यावर ते देशाच्या ऐक्यासाठीं लढणाऱ्या गारिबाल्डीच्या पक्षाच्या स्वयंसेवकांत शिरले. पुढच्याच वर्षीं रोमजवळील चकमकींत संगीन त्यांच्या जांघेंत घुसली, आंतडें फाटलें आणि ते शत्रूच्या हातीं सांपडले. जखमेंतून मळ वाहूं लागला. अखेर त्यांचे गुरु पोर्टा यांच्या उपचारानें ते बरे झाले. पुढें व्हिएन्ना, बर्लिन, लंडन येथें जाऊन त्यांनीं नामांकित शस्त्रवैद्यांजवळ विद्या संपादिली.

त्या काळीं शस्त्रक्रिया केली तरी अंतर्गळ बहुधा उलटे. बास्सिनी यांनीं जांघेची रचना बारकाईनें अभ्यासिली. १८८४ सालीं पादुआ येथें त्यांनीं अंतर्गळाची पिशवी मुळाशीं बांधून पोटाची भिंतही मागील बाजूनें शिवून बळकट केली. रोगी घरीं गेल्यावरही ते त्याची विचारपूस ठेवीत. १८८९ सालीं त्यांनीं २६२ शस्त्रक्रियांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला; त्यांत व्याधि फारच थोड्यांस उलटली होती. १९२४ सालीं ते निवर्तले.

मुलांची गोष्ट किंचित् निराळी आहे. जन्माच्या सुमारास मिटावयाची एक नळी उघडी राहते व तींतून आंतडें खालीं उतरतें. पोटाची भिंत दुबळी नसते. म्हणून मुलांत पिशवी मुळाशीं बांधणें एवढेंच बहुधा पुरतें, असें पुढील शस्त्रवैद्यांस आढळलें. पट्टा आवळल्यानें ती नळी मिटत नाहीं. फुगवटा कठीण होऊन दुखूं लागला, आंत जाईना, ओकाऱ्या होऊं लागल्या, तर आंतडें अडकलें असें समजून तत्काळ रुग्णालय गांठावें. उशीर झाल्यास आंतडें सडतें व जीव धोक्यांत येतो.

बास्सिनी संगिनीनें घायाळ झाले, त्याच १८६७ सालीं पुण्याचें ससून रुग्णालय उघडलें. कापूरहोळहून पुणें दूर नाहीं. तेव्हां जांघेची गोष्ट म्हणून कोणीं संकोच धरूं नये. मुलांनीं ती आईबापांस सांगावी व आईबापांनीं फुगवटा दुखूं लागण्यापूर्वींच डॉक्टरांस दाखवावा.