पांचो गोन्झालेस : कुलूप लागलेल्या दाराबाहेरचा विजेता

टेनिस म्हटलं की आपल्याला काय आठवतं? विम्बल्डनचं हिरवंगार गवत, पांढरे कपडे, टीव्ही रूममध्ये फेडरर की नदाल यावरून झालेली भांडणं आणि आपला लिअँडर पेस. कोण किती मोठा हे ठरवायचं मापही एकच, ग्रँड स्लॅम किती जिंकले? या मापाने मोजलं तर मी ज्याच्याबद्दल लिहितोय तो माणूस अगदी किरकोळ ठरतो. एकेरीची फक्त दोन विजेतेपदं! आणि तरीही टेनिसमधली जाणती मंडळी त्याचं नाव आजवरच्या सर्वश्रेष्ठ खेळाडूंमध्ये घेतात. हे गणित कसं जुळतं, त्याचीच ही गोष्ट.

मी मूळचा सुलतानपूरचा. मेहकरहून लोणारचं सरोवर बघायला निघालात की वाटेत लागतं ते. आमच्याकडे टेनिसशी संबंध एवढाच, की क्रिकेट टेनिस बॉलने खेळतात! हॅलोजन लावून रात्रीचे सामने, चौकात फ्लेक्स, त्यावर पहिलं बक्षीस किती, दुसरं किती आणि ते कोणाकडून, हे सगळं ठळक अक्षरात. जत्रेतल्या कुस्त्यांचंही तसंच. जिंकला, इनाम घेतलं, फेटा बांधला, विषय संपला. पैसे घेतले म्हणून पैलवान बाटला असं आमच्याकडे कोणी म्हणत नाही. टेनिसच्या जगात मात्र १९६८ पर्यंत नेमकं हेच म्हणत होते.

तेव्हा खेळाडूंच्या दोन जाती होत्या. एक हौशी, म्हणजे पैसे न घेणारे. दुसरे व्यावसायिक. विम्बल्डन, अमेरिकन, फ्रेंच आणि ऑस्ट्रेलियन या चारही मोठ्या स्पर्धा फक्त हौशी खेळाडूंसाठी. एकदा खेळण्याचे पैसे घेतले की या चारही ठिकाणी दार बंद. डेव्हिस कपही बंद. ऐकायला हे फार उदात्त वाटतं, खेळासाठी खेळ वगैरे. पण मित्रांनो, मेसचं बिल कोण भरणार? घरून पैसे येत असतील त्यालाच ही हौस परवडणार ना! आपले खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला गेले ते वर्गणी गोळा करून, आणि राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून उभ्या केलेल्या पैशांतून. टेनिसमध्ये तर आणखी गंमत होती. नामांकित हौशी खेळाडूंना आयोजक प्रवासखर्चाच्या नावाखाली गुपचूप पाकीट द्यायचे. पाकीट गुपचूप घेतलं तर सभ्य गृहस्थ, उघड घेतलं तर बाहेर!

अशा जगात रिकार्डो अलोन्सो गोन्झालेस वाढला. जन्म ९ मे १९२८, लॉस एंजेलिस. आई-वडील मेक्सिकोतल्या चिवावाहून आलेले, वडील रंगारी, सात भावंडांत हा थोरला. बारा वर्षांचा असताना आईने त्याला ५१ सेंटची एक स्वस्त रॅकेट आणून दिली. प्रशिक्षक कधीच नव्हता. घराजवळच्या एक्स्पोझिशन पार्कमध्ये सार्वजनिक कोर्टं होती, तिथे उभं राहून इतरांचं बघायचं आणि मग स्वतः करून पाहायचं. ‘पांचो’ हे नावही आई-वडिलांनी ठेवलेलं नाही. मेक्सिकन दिसला की त्याला हेटाळणीने पांचो म्हणायची तिथे पद्धत होती. घरचे त्याला रिचर्ड म्हणायचे, जगाने पांचो केलं.

शाळा आणि त्याचं कधी जमलं नाही. तो सतत दांड्या मारायचा. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या टेनिसची सूत्रं तेव्हा पेरी जोन्स यांच्या हातात होती, आणि शाळेत न जाणाऱ्या मुलाला ते स्पर्धेत उतरू देत नसत. (आपल्याकडे ७५ टक्के हजेरी नसली की डिटेन, तसंच काहीसं.) पुढे पंधराव्या वर्षी घरफोडीच्या प्रकरणात त्याला पकडलं आणि सुधारगृहात टाकलं. तिथून सुटल्यावर नौदलात गेला. तिथेही वागणूक ठीक नाही म्हणून १९४७ मध्ये बाहेर काढलं. एकोणिसाव्या वर्षी हातात ना डिग्री, ना नोकरी. ऐन शिकायच्या वयातली वर्षं टेनिसपासून दूर गेलेली.

आणि मग १९४८ मध्ये, जेमतेम वीस वर्षांचा हा मुलगा अमेरिकन स्पर्धा जिंकला! मानांकन होतं आठवं. अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेच्या एरिक स्टर्जेसला हरवलं. लोकांना वाटलं, लागला मटका. १९४९ मध्ये विम्बल्डनला चौथ्याच फेरीत हरल्यावर तर वर्तमानपत्रांनी त्याच्या आडनावावरून गॉर्गोन्झोला नावाच्या चीजची कोटी करून थट्टा केली. त्यावरून त्याला ‘गॉर्गो’ हे टोपणनावच पडलं. उत्तर त्याने त्याच वर्षी अमेरिकन स्पर्धेत दिलं. अंतिम सामन्यात टेड श्रोडरविरुद्ध पहिला सेट १६-१८ असा गेला, दुसराही गेला, आणि मग पुढचे तीन ओळीने जिंकून त्याने विजेतेपद राखलं.

आता पुढे काय? घरी बायको आणि तान्हं मूल. चषक विकून दूध येत नाही. बॉबी रिग्ज या आयोजकाने पैसे देऊ केले आणि गोन्झालेस १९४९ मध्ये व्यावसायिक झाला. वय एकवीस. त्या एका सहीनंतर विम्बल्डनचं दार त्याला बंद झालं. ते उघडायला जवळजवळ एकोणीस वर्षं लागली.

सुरुवात तर भयानकच झाली. जगातला तेव्हाचा अव्वल व्यावसायिक होता जॅक क्रेमर. त्याच्याविरुद्ध गावोगाव सामन्यांची मालिका झाली. हिशेब ऐका : क्रेमर ९६, गोन्झालेस २७. हरलेल्याला पुढच्या वर्षी कोणी बोलावत नसे, कारण लोक तिकीट काढायचे ते नवा आव्हानवीर बघायला. गोन्झालेस परत एक्स्पोझिशन पार्कमध्ये आला आणि तिथे टेनिसच्या सामानाचं दुकान चालवू लागला. हौशी स्पर्धा बंद, व्यावसायिक मालिकाही बंद, अशी त्रिशंकू अवस्था.

उरल्या मोजक्या व्यावसायिक स्पर्धा. त्यातली सगळ्यात मानाची एक होती लंडनला, वेम्बलीच्या एम्पायर पूलमध्ये. हा हॉल १९३४ मध्ये बांधलेला, मुळात पोहण्यासाठी. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकची जलतरण स्पर्धा इथेच झाली. याच छपराखाली १९३४ पासून व्यावसायिकांची इनडोअर स्पर्धा भरायची. पहिली जिंकली एल्सवर्थ व्हाइन्सने. महायुद्धात ती थांबली आणि १९४९ मध्ये पुन्हा सुरू झाली. विम्बल्डनपासून काही मैलांवर, पण दोन्ही जगांत जमीन-अस्मानाचा फरक. तिकडे उन्हात गवतावर हौशी मंडळी, इकडे रात्री दिव्यांच्या उजेडात लाकडी फळ्यांवर ‘बाटलेले’ खेळाडू.

आपण इंजिनिअरिंगवाले, तेव्हा या लाकडाकडे जरा लक्ष देऊ. लाकडावर चेंडूला घर्षण कमी मिळतं, त्यामुळे टप्पा पडताना त्याचा आडवा वेग फारसा कमी होत नाही आणि तो खालून सरकत येतो. वारा नाही, ऊन नाही. म्हणजे ज्याची सर्व्हिस जोरदार, त्याची चांदी! गोन्झालेस सव्वासहा फुटांच्या आसपास उंच, आणि त्याची सर्व्हिस कुठेही हिसका न बसता एका लयीत जायची. १९५० मध्ये त्याने वेम्बली जिंकली. १९५१ मध्ये पुन्हा. १९५२ मध्ये अंतिम सामन्यात समोर तोच क्रेमर, ज्याने त्याला ९६ वेळा लोळवलं होतं. गोन्झालेस पहिले दोन सेट हरला, आणि मग ६-२, ६-४, ७-५ असे तीन सेट घेऊन जिंकला. दुकानात बसलेल्या माणसाने स्वतःची किंमत वसूल केली ती इथे. चौथं विजेतेपद १९५६ मध्ये, फ्रँक सेजमनविरुद्ध ४-६, ११-९, ११-९, ९-७. तेव्हा टायब्रेक नव्हता, सामना संपला तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती.

पुढची काही वर्षं त्याचीच होती. क्रेमर आता स्वतः आयोजक झाला होता. हौशी जगात जो कोणी गाजेल त्याला तो पैसे देऊन आणायचा आणि गोन्झालेससमोर उभा करायचा. टोनी ट्राबर्ट आला : ७४-२७ ने हरला. केन रोझवॉल आला : ५०-२६. लू होड आला, त्याने सुरुवातीला आघाडीही घेतली, शेवटी ५१-३६ ने हरला. आज या गावी, उद्या दुसऱ्या गावी. बास्केटबॉलच्या हॉलमध्ये, कधी बर्फाच्या रिंगणावर कॅनव्हासचं कोर्ट ताणायचं, खेळायचं, गुंडाळायचं आणि निघायचं. आपल्याकडच्या तमाशाच्या फडासारखंच की! गोन्झालेस बाकीच्यांबरोबर फारसा मिसळत नसे, स्वतःची गाडी स्वतः हाकत एकटाच यायचा. (मेकॅनिकलवाल्यांसाठी खास : जुन्या गाड्यांच्या इंजिनांवर काम करून त्या वेगवान करणं हा त्याचा आवडता छंद होता.)

आणि पैसे? ट्राबर्टबरोबरच्या मालिकेत आव्हान देणाऱ्या ट्राबर्टला सुमारे ऐंशी हजार डॉलर, आणि विजेत्या गोन्झालेसला करारानुसार पंधरा हजार! तो कोर्टात गेला, हरला, आणि करार संपेपर्यंत त्याच पैशांत खेळला. क्रेमरशी त्याचं वैर शेवटपर्यंत टिकलं.

तो जिंकतोय म्हणून नियम बदलण्याचेही प्रयोग झाले. १९५५ मध्ये क्लीव्हलंडच्या अमेरिकन व्यावसायिक स्पर्धेत चक्क टेबल टेनिससारखी २१ गुणांची पद्धत लावली. रिक्रिएशन हॉलमधल्या सिनिअर मंडळींना जुना २१ गुणांचा गेम आठवत असेल, तसाच. अंतिम सामन्यात गोन्झालेसने पांचो सेगुराला पाचव्या गेममध्ये २१-१९ ने हरवलं. ही स्पर्धा त्याने एकूण आठ वेळा जिंकली.

मोह सगळ्यांनाच पडत होता असं नाही. आपले रामनाथन कृष्णन विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत १९६० आणि १९६१ अशी दोनदा पोचले. क्रेमरने त्यांनाही मोठी रक्कम देऊ केली होती, पण डेव्हिस कप भारताकडून खेळता येणार नाही म्हणून त्यांनी नकार दिला. मला यात कृष्णन बरोबर आणि गोन्झालेस चूक असं वाटत नाही. एखाद्या खेळाडूला देश आणि पोट यांतलं एक निवडायला लावणारा नियमच मला वाकडा वाटतो.

शेवटी एप्रिल १९६८ मध्ये दारं उघडली. हौशी आणि व्यावसायिक एकत्र खेळू लागले. बोर्नमथच्या त्या पहिल्या खुल्या स्पर्धेत गोन्झालेस मार्क कॉक्स नावाच्या हौशी खेळाडूकडून हरला. चाळिशी आली होती, झाला होता आजोबा. संपला? छे! महिन्याभरात फ्रेंच स्पर्धेत गतविजेत्या रॉय एमर्सनला हरवून तो उपांत्य फेरीत गेला.

आणि १९६९ चं विम्बल्डन. पहिल्याच फेरीत समोर पंचवीस वर्षांचा चार्ली पासारेल, ज्याला गोन्झालेसनेच मार्गदर्शन केलं होतं. पहिला सेट २२-२४! अंधार पडला, गोन्झालेस खेळ थांबवा म्हणत राहिला, अधिकारी ऐकेनात. चिडून त्याने दुसरा सेट १-६ असा घालवला. रॅकेट फेकली, प्रेक्षकांनी हुर्यो केली. दुसऱ्या दिवशी तो परत आला आणि १६-१४, ६-३, ११-९ असा जिंकला. शेवटच्या सेटमध्ये सात मॅच पॉइंट वाचवून! एकूण ११२ गेम, ५ तास १२ मिनिटं, वय ४१. विम्बल्डनमधल्या एका सामन्यातल्या सर्वाधिक गेमचा हा विक्रम २०१० मध्ये इस्नर आणि माहू यांनी मोडला. टायब्रेक आणायला हवा ही चर्चा अशाच सामन्यांमुळे जोरात झाली. अमेरिकन ओपनने तो १९७० मध्ये घेतला, विम्बल्डनने १९७१ मध्ये. पुढे १९७२ मध्ये, चव्वेचाळिशीला तीन महिने कमी असताना, डे मॉइनची इनडोअर स्पर्धाही त्याने जिंकली.

तो संत होता असं मुळीच नाही. पंचांशी, आयोजकांशी, स्वतःच्या माणसांशी भांडला. सहा लग्नं केली. शेवटची बायको रीटा ही आंद्रे आगासीची बहीण. ३ जुलै १९९५ ला लास व्हेगासमध्ये कॅन्सरने तो गेला, तेव्हा तिकडे विम्बल्डन चालू होतं. हातात पैसा उरला नव्हता, अंत्यविधीचा खर्च आगासीने केला. वेम्बलीची ती स्पर्धाही १९९० नंतर बंद पडली. मधल्या काळात रोझवॉल, लेव्हर, बोर्ग, कॉनर्स, मॅकेन्रो यांनी ती जिंकली होती. हॉलमध्ये पुढे गाण्यांचे कार्यक्रम होऊ लागले.

मला या माणसात अडकून पडायला झालं ते एका साध्या हिशेबामुळे. एकविसाव्या वर्षापासून चाळिशीपर्यंत, म्हणजे खेळाडूच्या आयुष्यातली सगळी चांगली वर्षं, ग्रँड स्लॅमच्या यादीत त्याच्या नावापुढे काहीच नाही. यादी खोटी नाही, पण तिच्यात त्याने केलेल्या कामाचा रकानाच नाही. वेम्बलीचे चार चषक, क्लीव्हलंडचे आठ, रात्री-अपरात्री कॅनव्हासवर जिंकलेले शेकडो सामने, हे कुठे लिहायचं? आणि ती वर्षं त्याला कोणी परतही केली नाहीत.

आपण तर मार्कशीट आणि सीव्ही यांच्यावर जगणारी माणसं. कॅम्पसला दहावी, बारावी, सेम, सगळ्यांत अमुक टक्के हवेत, नाहीतर बाहेर. डिप्लोमातून आलेला, गॅप पडलेला, घरची शेती बघून एटीकेटी सोडवत बसलेला, अशी कितीतरी मुलं आपल्याच कॉरिडॉरमध्ये आहेत. त्यांच्याकडे बघताना रकान्यात काय लिहिलंय एवढंच बघू नका. ते कुठे खेळत होते तेही विचारा.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी
(मु. पो. सुलतानपूर, जि. बुलढाणा)