आधी स्वतः सुई टोचून घेतली, मग लोकांना दिली : प्लेगची लस शोधणाऱ्या हाफकिन यांची गोष्ट

साप चावल्यावर सरकारी दवाखान्यात जे इंजेक्शन देतात, त्याच्या बाटलीवर बऱ्याचदा एक नाव असतं : हाफकिन. पोलिओच्या डोसच्या बाटलीवरही हे नाव अनेक वर्षं दिसत होतं. मुंबईत परळला त्याच नावाची मोठी संस्था आहे. पण हाफकिन हे एका माणसाचं आडनाव आहे, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत नसतं. हा माणूस ना मुंबईचा, ना इंग्रज, ना डॉक्टर. तरी आपल्या आजा-पणजांच्या काळात गावंच्या गावं ओस पाडणाऱ्या प्लेगवर पहिली लस त्यानंच मुंबईत बसून तयार केली. आणि पुढं दूरच्या एका खेड्यात घडलेल्या चुकीपायी त्याची नोकरीही गेली.

ओडेसाचा पोरगा

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात झाला. हे शहर आज युक्रेनमध्ये आहे, तेव्हा ते रशियाच्या झारच्या राज्यात होतं. घर ज्यू धर्माचं. त्या काळी तिथं ज्यू लोकांच्या वस्त्यांवर हल्ले व्हायचे. तरुण हाफकिन आपली वस्ती राखायला उभे राहिले, जखमी झाले आणि वर पोलिसांनी त्यांनाच धरलं. त्यांचे गुरू मेचनिकोव हे मोठे शास्त्रज्ञ होते. त्यांनी मध्ये पडून सोडवलं.

शिक्षण प्राणिशास्त्राचं झालं, म्हणजे डॉक्टरकीची पदवी नव्हती. शिक्षण संपल्यावर चांगली जागा मिळत होती, पण त्यासाठी धर्म बदलायची अट होती. हाफकिन यांनी नकार दिला. पुढं ते स्वित्झर्लंडला गेले आणि १८८९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये पोचले. तिथं रिकामी जागा होती ती ग्रंथालयात मदतनिसाची. तीच धरली. दिवसा पुस्तकं लावायची आणि उरलेल्या वेळात जंतूंवर काम करायचं, असा क्रम सुरू झाला.

पटकीची लस आणि कलकत्ता

तेव्हा पटकीनं, म्हणजे कॉलऱ्यानं, जगभर माणसं मरत होती. हाफकिन यांनी पटकीच्या जंतूंपासून लस तयार केली. ती माणसाला चालते का, हे कसं कळणार? १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती आधी स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, दुखलं, पण काही दिवसांत बरे झाले. त्यानंतरच मित्रांना दिली.

पण लस खरोखर वाचवते की नाही हे बघायचं तर पटकी असलेल्या ठिकाणीच जायला हवं. म्हणून १८९३ मध्ये ते कलकत्त्याला उतरले. आग्र्यापासून सुरुवात केली आणि उत्तर हिंदुस्थानात फिरून हजारो लोकांना लस दिली. कलकत्त्याच्या वस्त्यांत लोक बिथरले होते. परका गोरा माणूस हातात सुई घेऊन येतो म्हटल्यावर कोण भरवसा ठेवणार? तिथं त्यांच्या बरोबरीनं बंगाली डॉक्टर उभे राहिले. त्यांनी लोकांसमोर आधी स्वतः टोचून घेतलं, मग लोक पुढं आले.

१८९४ मध्ये कलकत्त्याच्या काट्टल बागान वस्तीत साधारण २०० माणसं राहत होती. त्यातल्या ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर तिथं पटकीचे १० रुग्ण निघाले आणि ७ जण दगावले. हे सगळे लस न घेतलेल्यांतले होते.

आज आपल्याला हे सोपं वाटतं, पण त्या काळी औषधाचा गुण असा मोजायची पद्धत रुजली नव्हती. औषध दिलं, माणूस बरा झाला, म्हणजे औषध चांगलं, असंच धरायचे. माणूस आपोआप बरा झाला असेल तर? म्हणून एकाच वस्तीतली, एकच पाणी पिणारी माणसं घ्यायची, घेतलेले किती आजारी पडले आणि न घेतलेले किती, हे शेजारी शेजारी मांडायचं. हाफकिन यांचा सगळा भर यावर होता.

मुंबईत प्लेग येतो

सप्टेंबर १८९६. मुंबईत मांडवी भागात उंदीर पटापट मरून पडायला लागले. पाठोपाठ माणसांना जबर ताप, काखेत-जांघेत गाठी, आणि चार-पाच दिवसांत मरण. मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा गाठीचा प्लेग आहे हे ओळखलं. घाबरून लाखो लोक मुंबई सोडून गेले आणि त्यांच्यासोबत रोगही गावोगाव पसरला.

सरकारनं हाफकिन यांना मुंबईला बोलावलं. ऑक्टोबरमध्ये ते आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई, तेही या कामाचं काही शिक्षण नसलेले. एवढ्यावर काम सुरू झालं.

लस कशी बनवायची? प्लेगचे जंतू वाढवायला मांसाचा रस्सा लागतो. युरोपात त्यासाठी गाईचं मांस वापरत. इथं गाय आणि डुक्कर दोन्ही चालणार नाहीत, हे हाफकिन यांनी ध्यानात घेतलं आणि बकऱ्याचं मांस वापरलं. रश्शावर तुपाचे थेंब सोडले. त्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबत वाढायचे, जशा छपराला कोळिष्टकाच्या वाती लोंबतात तसे. मग बाटली तापवून जंतू मारायचे आणि वरून थोडं कार्बोलिक ॲसिड घालायचं. मेलेले जंतू रोग देत नाहीत, पण अंगाला रोगाशी लढायची सवय लावतात. लसीचं तत्त्व हेच.

तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी तीही आधी स्वतःला टोचून घेतली, आणि इतरांना द्यायची त्याहून मोठ्या मात्रेत. सडकून ताप भरला, पण ते कामावर आले.

त्याच महिन्याच्या शेवटी भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तयार झालेल्या कैद्यांना लस दिली, बाकीच्यांना नाही. सगळे एकाच आवारात, एकच अन्न खाणारे. लस न घेतलेल्यांत १२ जण आजारी पडले, ६ मेले. लस घेतलेल्यांत २ आजारी पडले, मेलं कुणीच नाही.

तेव्हा आपल्याकडं काय चाललं होतं

तो काळ महाराष्ट्रासाठी फार वाईट होता. याच प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. पुण्यात प्लेगच्या नावाखाली गोरे सोजीर घरात घुसून झडत्या घेत होते, बायाबापड्यांचीही तपासणी करत होते. त्या रागातून जूनमध्ये चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. खेड्यापाड्यांत उंदीर पडला की लोक गाव सोडून शेतात, माळावर झोपड्या घालून राहायचे.

सरकारी माणूस दारात आला की लोकांच्या पोटात गोळा यायचा. अशा दिवसांत लस घ्या म्हणणं किती अवघड असेल बघा. पण लस सक्तीची नव्हती. ज्यानं त्यानं आपल्या मर्जीनं घ्यायची होती. आगाखान यांनी स्वतः चारचौघांत टोचून घेतली, आपल्या लोकांना घ्यायला सांगितलं आणि हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी आपला बंगलाही दिला. तेव्हा कुठं रांगा लागल्या.

उंढेरा गावचा हिशेब

फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंढेरा गावात प्लेग होता. गावाची वस्ती हजाराच्या आसपास. हाफकिन तिथं गेले आणि घर-घर घेऊन प्रत्येक कुटुंबातल्या निम्म्या माणसांना लस दिली. घर तेच, चूल तीच, उंदीरही तेच.

पुढं ज्या घरांत प्लेग शिरला त्या घरांचा हिशेब असा निघाला. लस न घेतलेले ६४ होते. त्यातले २७ आजारी पडले आणि २६ मेले. लस घेतलेले ७१ होते. त्यातले ८ आजारी पडले आणि ३ मेले.

म्हणजे लस घेतली की मरण टळलंच असं नव्हतं. हाफकिन यांनी ती तीन मरणंही लपवली नाहीत. पण एकीकडं २६ आणि दुसरीकडं ३, हा फरक अडाणी माणसालाही कळेल असा होता.

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात प्लेगची मोठी प्रयोगशाळा उघडली. तिथून लाखो मात्रा देशभर जाऊ लागल्या.

मुलकोवालची बाटली

आणि मग घात झाला. १९०२ मध्ये पंजाबात प्लेग भडकला आणि सरकारनं एकदम प्रचंड लस मागितली. लवकर आणि जास्त लस निघावी म्हणून हाफकिन यांनी बनवायची रीत थोडी बदलली. जंतू तापवून मारायचे, पण कार्बोलिक ॲसिड घालायचं नाही. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्येही असंच करत होते.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना लस दिली. काही दिवसांनी त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे मेले. बाकीच्यांना काही झालं नाही. तपासलं तर या १९ जणांना एकाच बाटलीतली लस दिली होती.

१९ घरांतली माणसं रोग टाळायला गेली आणि सुईनं गेली. याहून वाईट काय असणार?

चौकशी बसली. कार्बोलिक ॲसिड नसल्यानं बाटलीत प्रयोगशाळेतच धनुर्वाताचे जंतू शिरले, असा ठपका हाफकिन यांच्यावर आला. त्यांना कामावरून दूर केलं. १९०४ मध्ये ते हिंदुस्थान सोडून गेले.

पण चौकशीच्या कागदांत आणखी एक गोष्ट होती. त्या दिवशी मुलकोवालमध्ये बाटलीचं बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करता, औषधी पाण्यात नुसता हलवून, त्याच चिमट्यानं बूच काढलं गेलं. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, शेणात असतात, हे आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत आहे. शिवाय बाटली भरून महिना उलटला होता. इतके दिवस आत जंतू वाढले असते तर बूच काढताच घाण वास आला असता. तसा वास आला नव्हता.

हे मांडायला वर्षं गेली. मलेरियाचा शोध लावणारे रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू घेतली. त्याच वर्षी सरकारला त्यांना दोषमुक्त करावं लागलं. ते परत कलकत्त्याला आले, पण लस बनवायचं काम त्यांना पुन्हा मिळालं नाही. निवृत्त होऊन ते युरोपात गेले. लग्न केलं नव्हतं. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमध्ये लोझान इथं ते वारले. जवळचा पैसा ज्यू मुलांच्या शिक्षणासाठी ठेवून गेले.

त्याआधी १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं गेलं. तोवर तिथून प्लेगच्या लसीच्या दोन कोटींहून जास्त मात्रा बाहेर पडल्या होत्या.

आपण यातून काय घ्यायचं

ती जुनी लस आता कुणी देत नाही. प्लेगवर आज अँटिबायोटिक औषधं आहेत आणि वेळेत दिली तर माणूस वाचतो. पण रोग जगातून गेलेला नाही. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या तापाचे संशयित रुग्ण निघाले, तेव्हा जुन्या माणसांना आजा-आजीच्या गोष्टी आठवल्या असतील. घरात, गोठ्यात एकाएकी उंदीर मरून पडायला लागले तर उघड्या हातानं उचलू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवा.

दुसरी गोष्ट मुलकोवालची. औषध कितीही मोठ्या प्रयोगशाळेत बनलेलं असो, ते आपल्यापर्यंत पोचतं शेवटच्या हातातून. तो हात स्वच्छ नसेल तर सगळी मेहनत मातीत. म्हणून इंजेक्शन घेताना सुई नवी आहे का, पाकीट आपल्यासमोर फोडलं का, हे बघायला लाजू नका. डॉक्टर असो की नर्सताई, विचारलं तर चांगलं काम करणाऱ्याला राग येत नाही. खाली पडलेली सुई कुणी परत उचलली तर थांबवा.

आणि तिसरी गोष्ट. मुलकोवालनंतर लोक म्हणू शकले असते की लसच वाईट. ती १९ मरणं खरी होती, पण उंढेऱ्याचा हिशेबही खराच होता. चूक कुठं झाली ते शोधायचं, ती सुधारायची, पण एका बाटलीपायी सगळा उपाय टाकून द्यायचा नाही. पुढच्या वेळी मोबाइलवर एखाद्या लसीविरुद्ध मेसेज आला तर तो पुढं ढकलण्याआधी उंढेऱ्याच्या घरांसारखा हिशेब मागा : घेतलेले किती, न घेतलेले किती, आणि त्यांचं काय झालं.