उसनं घेतलं, आपलं केलं

मैत्रिणींनो, चित्रकार अमृता शेरगिलचं मला भारी कौतुक वाटतं. जन्म १९१३ चा, बुडापेस्टचा. आई हंगेरियन गायिका, त्यामुळे गाणं आणि पियानो घरातच. पॅरिसला शिकताना गोगँ आणि सेझान यांच्या चित्रांनी तिला वेड लावलं. तिथे नावही झालं, तरी १९३४ च्या अखेरीस ती भारतात परतली. १९३६ मध्ये आपल्या अजिंठ्याची भित्तिचित्रं पाहिली अन् तिची चित्रंच बदलली. १९३७ मधल्या नवरीच्या शृंगाराच्या चित्रात ते लगेच जाणवतं. शिकली सगळ्यांकडून, पण त्या गप्प, विचारात बुडालेल्या बायका मात्र तिच्या स्वतःच्या. १९४१ मध्ये लाहोरला तिचं निधन झालं, अवघ्या २८ व्या वर्षी. एवढ्याशा आयुष्यात तिनं उसनं काहीच उसनं ठेवलं नाही!