गुरुवर्य हेन्स्लो

चार्लस डार्विन यांचे गुरु म्हणून जॉन स्टीव्हन्स हेन्स्लो जगास ठाऊक आहेत. त्यांचा जन्म १७९६ सालचा. १८२५ सालीं ते केंब्रिज येथें वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. एकाच जातीचीं अनेक वाळलेलीं रोपें एका कागदावर डकवून त्यांतील भेद ते पारखीत. १८३७ सालीं सफोक परगण्यांतील हिचम या दरिद्री खेड्याचे ते धर्मोपदेशक झाले. तेथील शाळेंत मजुरांच्या मुलामुलींस त्यांनीं हें शास्त्र शिकविलें. मुलें रानांतून फुलें आणीत, पाकळ्या-केसर मोजून त्यांचें कुळ ठरवीत आणि गांवच्या वनस्पतींची यादी वाढवीत. १८६१ सालीं हेन्स्लो निवर्तले. गरिबांच्या लेंकरांस शास्त्र कशास, या प्रश्नास हिचमच्या मुलांनीं उत्तर दिलें. बालमित्रहो, आपल्या बांधावर किती जातींचें गवत आहे, तें तुम्हीही एकदां मोजून पाहा.