जोसेफ पेट्सवाल

जोसेफ मॅक्सिमिलियन पेट्सवाल (६ जानेवारी, १८०७ - १७ सप्टेंबर, १८९१) हे गणितज्ञ, प्रकाशशास्त्रज्ञ आणि व्हिएन्ना विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक होते. व्यक्तिचित्रणासाठी त्यांनी १८४० मध्ये गणिताने सिद्ध केलेल्या छायाचित्रण-भिंगामुळे ते ओळखले जातात. त्यापूर्वीची छायाचित्रणाची भिंगे मुख्यतः कारागिराच्या अनुभवावर आणि प्रयोगावर घडत असत. पेट्सवाल यांनी भिंग आधी कागदावर मांडले आणि मग ते काचेत उतरले. मात्र भिंगाच्या पितळी नळीवर नाव कोरले गेले ते निर्मात्याचे. त्यामुळे जुन्या बाजारात आढळणारे पेट्सवाल भिंग आजही नळीवरील अक्षरांपेक्षा आतील काचांच्या रचनेवरूनच ओळखावे लागते.

जन्म आणि शिक्षण

पेट्सवाल यांचा जन्म तत्कालीन हंगेरीच्या राज्यातील स्पिश्स्का बेला या गावी झाला. हे गाव आता स्लोव्हाकियात आहे. त्यांचे वडील शिक्षक होते. शालेय शिक्षण जवळच्या केझमारोक आणि लेवोचा या गावांत पूर्ण करून ते पेस्ट येथील अभियांत्रिकी संस्थेत दाखल झाले आणि १८२८ मध्ये अभियंता होऊन बाहेर पडले. काही वर्षे त्यांनी नगराच्या अभियंता खात्यात काम केले. नोकरी सांभाळून त्यांनी गणिताचा अभ्यास चालू ठेवला, १८३२ मध्ये डॉक्टर ही पदवी मिळवली आणि १८३५ मध्ये ते पेस्ट विद्यापीठात प्राध्यापक झाले. १८३७ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठाने त्यांना गणिताच्या अध्यासनावर बोलावले. १८७७ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते तेथेच होते.

भिंगाची निर्मिती

१८३९ मध्ये पॅरिस येथे डागेर यांची छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली. त्या पद्धतीच्या कॅमेऱ्यात शार्ल शेवालिए यांचे साधे जोडभिंग असे. त्याचे छिद्र लहान, म्हणजे साधारण एफ/१५ ते एफ/१६ इतके ठेवावे लागे. प्रकाश अपुरा पडत असल्याने चित्र उमटण्यास कित्येक मिनिटे लागत. इमारतींना हे चालण्यासारखे होते. माणसाला मात्र तितका वेळ निश्चल बसणे कठीण होते. व्हिएन्ना येथील भौतिकशास्त्रज्ञ आंद्रेआस फॉन एटिंग्सहाउझेन यांनी ही पद्धत पॅरिसमध्ये पाहिली आणि परतल्यावर अधिक प्रकाश घेणाऱ्या भिंगाचा प्रश्न पेट्सवाल यांच्यापुढे ठेवला.

या प्रश्नासाठी प्रचंड आकडेमोड आवश्यक होती. प्रत्येक पृष्ठभागावर किरण किती वळतो हे हाताने मोजावे लागे. आर्चड्यूक लुडविग यांनी हिशेबात तरबेज असलेले तोफखान्यातील काही सैनिक पेट्सवाल यांच्या मदतीला दिले. काही महिन्यांतच दोन आराखडे तयार झाले: एक व्यक्तिचित्रणासाठी, दुसरा निसर्गदृश्यांसाठी. व्यक्तिचित्रणाचे भिंग व्हिएन्ना येथील प्रकाशयंत्रांचे निर्माते पेटर विल्हेल्म फ्रीडरिश फॉइग्टलेंडर यांनी १८४० मध्ये घडवले. त्याचे छिद्र सुमारे एफ/३.६ होते. आधीच्या भिंगापेक्षा ते सतरा ते वीस पट प्रकाश घेई. त्यामुळे मिनिटांचे काम सेकंदांवर आले आणि माणसाचे छायाचित्र हा रोजचा व्यवसाय होऊ शकला.

रचना आणि गुणदोष

पेट्सवाल भिंगात चार काचा तीन गटांत बसवलेल्या असतात. पुढील बाजूस एक बहिर्वक्र आणि एक अंतर्वक्र काच कॅनडा बाल्सम या पारदर्शक राळेने एकमेकींना चिकटवलेली असते. मागील बाजूच्या दोन काचांमध्ये हवेची फट असते; त्यांतील प्रकाश पसरवणारी काच आधी येते आणि प्रकाश एकवटणारी काच शेवटी.

या रचनेत चित्राचा मध्यभाग अत्यंत रेखीव येतो, तर कडेला तीक्ष्णता झपाट्याने कमी होते. सपाट वस्तूची प्रतिमा सपाट पृष्ठावर न पडता वाटीसारख्या वक्र पृष्ठावर पडते, हे यामागील एक मुख्य कारण आहे. ही वक्रता भिंगातील काचांच्या शक्ती आणि त्यांचे अपवर्तनांक यांवरून कशी काढावी, याचा नियम पेट्सवाल यांनीच मांडला. प्रकाशशास्त्रात तो पेट्सवाल बेरीज या नावाने शिकवला जातो. स्वतःच्या भिंगाची मर्यादा कोठे आहे हे त्यांना गणिताने ठाऊक होते. चेहरा मध्यभागी असणाऱ्या चित्रासाठी त्यांनी ती मर्यादा पत्करली होती.

फॉइग्टलेंडर यांच्याशी वाद

या भिंगासाठी पेट्सवाल यांना एकरकमी २,००० गुल्डन मिळाले. विक्रीतील वाटा ठरवणारा पक्का करार झाला नव्हता. भिंगाला मागणी वाढली, फॉइग्टलेंडर यांची भरभराट झाली आणि १८४५ च्या सुमारास दोघांचे संबंध तुटले. ऑस्ट्रियाबाहेर या रचनेला कायद्याचे संरक्षण नसल्यामुळे पॅरिस आणि लंडन येथील निर्मातेही तशीच भिंगे आपापल्या नावाने विकू लागले. फॉइग्टलेंडर यांनी १८४९ मध्ये जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे कारखाना काढला.

निसर्गदृश्यांच्या भिंगाचीही हीच गत झाली. १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धात पेट्सवाल यांनी ते डिट्सलर या निर्मात्याकडून बनवून घेतले. त्याच सुमारास फॉइग्टलेंडर यांनी हाच आराखडा ऑर्थोस्कोप या नावाने बाजारात आणला. मोठ्या कारखान्यापुढे डिट्सलर यांचा निभाव लागला नाही. १८५९ मध्ये पेट्सवाल यांच्या घरी चोरी झाली आणि प्रकाशशास्त्रावरील त्यांचे अनेक वर्षांचे हस्तलिखित नाहीसे झाले. १८४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात त्यांनी आपले निष्कर्ष थोडक्यात सांगितले होते. त्यांमागील संपूर्ण उपपत्ती जगापुढे आलीच नाही. यानंतर प्रकाशशास्त्रावरून त्यांचे मन उडाले.

जुन्या भिंगाची ओळख

निर्मात्यांची संख्या मोठी असल्यामुळे पेट्सवाल भिंगांवर फॉइग्टलेंडर, डार्लो, एर्माजी अशी निरनिराळी नावे आढळतात. पुष्कळ भिंगांवर काहीच कोरलेले नसते. अशा वेळी पुढील खुणा उपयोगी पडतात.

पहिली खूण प्रतिबिंबांची. भिंगासमोर दिवा धरला असता काच आणि हवा यांच्या प्रत्येक सीमेवर एक ठळक प्रतिबिंब दिसते, तर चिकटवलेल्या जोडावर अंधुक प्रतिबिंब दिसते. म्हणून पुढील गट सुटा करून पाहिल्यास दोन ठळक आणि एक अंधुक, तर मागील गटात चार ठळक प्रतिबिंबे मिळतात. ही संख्या जुळली की रचना पेट्सवाल पद्धतीची असण्याचा संभव मोठा असतो.

दुसरी खूण काळाची. जॉन वॉटरहाउस यांनी १८५८ मध्ये नळीतील खाचेतून छिद्रपट्ट्या सरकवण्याची पद्धत सुचवली. खाच नसलेले भिंग त्याआधीचे असू शकते. उलटपक्षी, जुन्या नळीत नंतर खाच कापून घेण्याची पद्धतही होती. त्यामुळे केवळ खाच आहे म्हणून भिंग उशिराचे ठरत नाही. फॉइग्टलेंडर यांच्या भिंगावरील व्हिएन्ना किंवा ब्राउनश्वाइग हे स्थलनाम आणि अनुक्रमांक यांचीही कालनिर्णयास मदत होते.

तिसरी बाब मागील काचांच्या क्रमाची. साफसफाईनंतर त्या उलट बसवल्या गेल्या असतील किंवा मधले कडे हरवले असेल, तर उत्तम भिंगही धूसर चित्र देते आणि निष्कारण सदोष ठरते. मात्र १८६६ मध्ये लंडनच्या जॉन हेन्री डॅलमायर यांनी मागील काचांचा क्रम हेतुपुरस्सर बदलला होता; त्यांच्या भिंगात मागील काच थोडी फिरवून चित्र मृदू करता येते. तेथे बदललेला क्रम हा दोष नव्हे.

भिंगाचे मोल ठरवताना बाल्समचा पिवळेपणा आणि जोडाच्या कडेने आत सरकणारे पिसासारखे पट्टे पाहिले जातात. काचेच्या कडेचा लहानसा टवका चित्रावर फारसा परिणाम करत नाही. मधोमध पडलेले ओरखडे मात्र प्रकाश विखुरतात. दूरच्या झाडाची प्रतिमा कागदावर पाडून नाभीय अंतराचा अंदाज घेता येतो. त्याला समोरून दिसणाऱ्या छिद्राच्या व्यासाने भागले की एफ-अंक मिळतो. कडेचे अस्पष्ट चित्र पाहून मात्र भिंग नाकारता येत नाही, कारण ते या रचनेचे अंगच आहे.

इतर कार्य आणि स्वभाव

रेषीय विकलक समीकरणांवर पेट्सवाल यांनी मोठे लेखन केले. व्हिएन्ना येथील विज्ञान अकादमीचे ते सदस्य होते. १८५२ मध्ये त्यांनी ख्रिस्तियान डॉपलर यांच्या सिद्धान्ताला अकादमीत कडाडून विरोध केला; पुढे सिद्धान्त डॉपलर यांचाच खरा ठरला. स्वतःवर झालेल्या अन्यायाची तीव्र जाणीव असलेल्या या माणसाने एका सहकाऱ्याच्या खऱ्या शोधाला मान्यता नाकारली, ही त्यांच्या चरित्रातील उणी बाजू होय. ते तलवारबाजीत निपुण होते. अनेक वर्षे ते व्हिएन्नाजवळच्या कालेनबर्ग टेकडीवर राहत असत. १८६९ मध्ये त्यांनी विवाह केला; पत्नीचे चारच वर्षांत निधन झाले. उत्तरायुष्यात ते लोकांपासून दूर राहिले.

मृत्यू आणि स्मृती

१७ सप्टेंबर, १८९१ रोजी व्हिएन्ना येथे वयाच्या ८४ व्या वर्षी पेट्सवाल यांचे निधन झाले. तोवर व्यक्तिचित्रणासाठी इतर रचनाही पुढे आल्या होत्या, तरी त्यांची रचना चित्रपटाच्या प्रक्षेपकांत विसाव्या शतकातही दीर्घकाळ वापरात राहिली. चंद्राच्या पलीकडील बाजूच्या एका विवराला त्यांचे नाव देण्यात आले असून स्पिश्स्का बेला येथील त्यांच्या जन्मघरात छायाचित्रणाचे संग्रहालय आहे. ज्या भिंगांवर त्यांचे नाव कधी कोरले गेले नाही, ती भिंगे आज निर्माता कोणीही असला तरी पेट्सवाल भिंग याच नावाने ओळखली जातात.